खालच्या सुरातली सजावट

डब्यात सत्तावीस घंट्या होत्या. पितळी, वाटाण्याहून मोठ्या, बोराहून लहान. त्या ओवलेली दोरी दोन मीटर दहा सेंटीमीटर. कागदी साखळ्या तीन, त्यातली एक मधोमध तुटलेली. चिकटपट्टीचं अर्धं रीळ. आणि एक चांदणी, पाचपैकी चार टोकं शाबूत. हिवाळ्याच्या सणाची आमच्या घरची सजावट म्हणजे एवढीच.

त्यात मुख्य काम घंट्यांचं. त्या दाराला आतून लागतात. सणाच्या दिवशी दाराला कडी नसते. पाहुणा दार ढकलतो, घंट्या वाजतात आणि बाबा जिथे असतील तिथून "या, या" करत पुढे येतात. हे काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. पण गेली दोन वर्षं पाहुणे चपला काढून आत येऊन उभे राहायचे, तरी बाबांची मान पेपरातून वर यायची नाही. यंदा त्यांनी डबा उघडला, दोरी कानाशी धरून दोनदा हलवली आणि परत आत ठेवली.

"गेल्या ह्या," ते म्हणाले. "पितळ खराब झालं. यंदा काही लावू नका. आणि पाहुणे आले की मी आत पडून राहीन, माझी पाठ धरलीय."

घंट्या चांगल्या खणखणीत वाजल्या होत्या. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

आईचं म्हणणं ठरलेलं होतं: यांना ऐकू येत नाही असं नाही, यांना ऐकायचं नसतं. तिचं प्रत्येक बोलणं ते कानामागे टाकतात. पुरावा म्हणून ती एकच प्रसंग सांगायची. तिने न्हाणीघरातून साबण मागितला, तर हे हत्यारांच्या पेटीतून दाभण घेऊन आले आणि वर गंभीर चेहऱ्याने विचारलं, "काय शिवायचंय?" आईचा पडदे शिवण्याचा धंदा आहे, त्यामुळे ही आपली टिंगल आहे अशी तिची खात्री झाली. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. आता पाठीचं ऐकल्यावर तिने मला बजावलं, की हे सणाला आत पडून राहिले तर पुढच्या वर्षीपासून ती कुणाला बोलावणार नाही. घरधनी आत आणि पाहुणे बाहेर, असला सण तिला नको होता.

बाबांनी बत्तीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात, कान किटवणाऱ्या आवाजात, पत्रा ठोकायची प्रेस चालवली. मला संशय आला तो तिथूनच. फोनचा स्पीकर तपासायचाय असं सांगून मी त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. हर्ट्झचा आकडा जितका मोठा, तितका सूर बारीक. पाचशे हर्ट्झला बोट वर. हजारला वर. दोन हजारला वर. तीन हजारला फोन कानाजवळ नेल्यावर, तेही जरा घुटमळत. चार हजारला ते समोरच्या इमारतीवरची कबुतरं बघत बसले.

मग मी घंट्या हलवून त्यांचा आलेख फोनवर काढला. सगळ्यांत उंच टोक बावन्नशेला होतं. कुठला आकडा कशाचा ते सांगितलं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पडदा बघितला.

"म्हणजे घंट्यांना काही झालेलं नाही."

"नाही."

"आईला सांगू नकोस."

"बाबा, तिला वाटतं तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही."

"मुद्दाम?" त्यांना खरंच धक्का बसला. "कधीपासून?"

"तुम्ही दाभण आणलंत तेव्हापासून."

"तिने दाभणच मागितलं होतं."

"साबण, बाबा."

ओठ हलवून त्यांनी दोन्ही शब्द एकदा म्हणून बघितले.

"मग सांग तिला," ते म्हणाले. "बहिरा परवडला."

आईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग इतके दिवस बोलला का नाहीत म्हणून त्यांच्यावर रागावली. ते रागावणं मात्र तिने त्यांच्या अगदी समोर बसून, एकेक शब्द सुटा करून केलं. बाबा म्हणाले, आता सगळं पोहोचतंय, जरा हळू. सण झाला की कानाच्या डॉक्टरकडे जायचं हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आणि बाबांनी मान डोलावली.

पण सण चार दिवसांवर होता आणि घंट्यांचा सूर काही मला खाली आणता येणार नव्हता. दुसरं काहीतरी हवं होतं. आईच्या शिलाईच्या खोलीत पडद्याचा एक जास्तीचा पाइप कोपऱ्यात उभा होता. मी करवत आणल्यावर ती म्हणाली, "चांगल्या पाइपाचे तुकडे? एवढं शिकून हे दिवे लावलेस?" पण पाइपाचं दुसरं टोक तिनेच घट्ट धरलं. पाच तुकडे केले, साठ सेंटीमीटरपासून चाळीसपर्यंत, पाच-पाचने कमी. प्रत्येकाला लांबीच्या साधारण बावीस टक्क्यांवर भोक पाडलं. पाइप वाजताना तेवढी जागा जवळजवळ हलत नाही, म्हणून तिथे दोरी बांधली तर आवाज दबत नाही. ठोकायला जुन्या ड्रॉवरची लाकडी मूठ. सगळ्यांत लांब तुकडा चारशे तीसला वाजला, सगळ्यांत आखूड नऊशे सत्तरला. सगळे हजाराच्या आत.

पाइप चौकटीला टांगले, मुठीची दोरी दाराला बांधली. बाबांनी मला दार किती वेळा उघडायला लावलं ते विचारू नका. एकदा ते मोरीत, एकदा पलंगावर, एकदा पांघरूण डोक्यावरून घेऊन. पाठीचं नाव कुणी काढलं नाही. आईने उरलेल्या कापडाच्या पट्ट्या पाइपांच्या वर झालरीसारख्या बांधल्या. बाबांना पिवळा रंग हवा होता. आई म्हणाली, पिवळं गिऱ्हाइकाचं आहे, हिरव्यावर भागवा. तुटकी साखळी तिने चिकटवली. घंट्यांचं काय करायचं असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, खिडकीला लाव, इतरांनाही काहीतरी ऐकू यायला हवं.

सणाच्या दिवशी मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दार सोळा वेळा उघडलं. चौदा वेळा सगळ्यांत आधी बाबा उठले. उरलेल्या दोन वेळा ते दारातच उभे होते.