पगारे सर, मी आणि नागलीचं उत्तर

मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे, सायकलची तर मुळीच नव्हे. टेबलावर ठेवायची आणि तळहाताने दाबायची, त्या जातीची. मित्रांनो, नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी माझा आवाज टीव्हीवर ऐकलेला आहे. मला पाहिलं मात्र फारच थोड्यांनी, कारण कॅमेरा सदा पगारे सरांच्या चेहऱ्यावर असायचा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण सरांच्या बाबतीत ती काढण्यासारखी नाही.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. रंगनाथ नावाचे कारागीर तिथे हंडे-कळशा घडवायचे. एके सकाळी त्यांच्या दुकानात एक सडपातळ तरुण आला. तेच शेखर पगारे. पालिकेच्या शाळेत नुकतेच भूगोलाचे शिक्षक म्हणून लागले होते. त्यांच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात दरवर्षी भीमजयंतीच्या आठवड्यात मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा व्हायची, आणि त्या वर्षी प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. तोवर वेळ संपली की कुणीतरी ताटलीवर चमचा वाजवायचं. त्या आवाजाने लहान मुलं जेवायला उठतात, असं सरांनी गंभीरपणे सांगितलं. रंगनाथ हसले आणि आवाज कसा हवा ते त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "मूल थांबलं पाहिजे, पण दचकलं नाही पाहिजे."

दोन वाट्या मोडीत गेल्या. तिसरी मी. आत सायकलच्या दुकानातून आणलेली स्प्रिंग बसवली, आणि रंगनाथांनी मला पहिल्यांदा दाबलं तेव्हा शेजारच्या दुकानातला ठोकण्याचा आवाज क्षणभर बंद पडला. सरांनी मान डोलावली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

विहारातली ती स्पर्धा इतकी रंगली की पुढच्या वर्षी बाजूच्या चार वसाहती आल्या, मग शाळा आल्या, आणि काही वर्षांनी शहरातल्या केबलवाल्यांनी सरांना बोलावून घेतलं. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'घंटीच्या आत'. नावात मी होते, हे जरा लक्षात घ्या. दर रविवारी सकाळी दहा वाजता सर त्यांचं ते कॉफीच्या रंगाचं जाकीट घालून माझ्यामागे बसायचे आणि शहरातल्या आया पोरांना आंघोळीला लावायचं विसरायच्या.

सरांचं काय वेगळं होतं, सांगते. त्यांचा एक नियम होता. जे स्वतः जाऊन पाहिलं नाही, त्यावर प्रश्न काढायचा नाही. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर प्रश्न घ्यायचा होता, तर सर स्वतः मोजत वर चढले. अर्ध्यावर कुणीतरी ओळखून नमस्कार केला, सरांचा आकडा चुकला, आणि ते खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीपासून निघाले. बैलाच्या साजातल्या वस्तूंची नावं विचारायला ते स्कूटरवरून नांदगावच्या बाजारात गेले. पाहून आले की पांढऱ्या कार्डावर प्रश्न लिहायचे आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीची एक खूण करायचे. ती खूण नसलेलं कार्ड माझ्या शेजारी कधी आलंच नाही.

दुसरं म्हणजे, मुलाचं उत्तर चुकलं तर ते तोडून बोलत नसत. "गल्ली बरोबर आहे बाळा, दार शेजारचं वाजवलंस," असं म्हणायचे. चुकलेलं मूलसुद्धा हसत जागेवर जायचं. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. भाजीबाजारातली कुसाबाई त्यांना दर खेपेला एक प्रश्न घालायची आणि उत्तर आलं नाही तर मेथीची एक जुडी जास्त घ्यायला लावायची. सरांच्या घरी मेथी फार व्हायची.

मग मुंबईची मोठी वाहिनी आली. आता कार्यक्रम राज्यभर दिसू लागला. चकचकीत टेबलं आली, दिवे लागणारी बटणं आली आणि वेळ संपल्यावर वाजायला भोंगा आला. मला सरांच्या कपाटात ठेवलं गेलं. दोन वर्षं मी तिथे पडून होते. अंगावर हिरवे डाग चढले, स्प्रिंग गंजून अडकली. खरं सांगते, त्या दिवसांत मला सरांचा राग यायचा. पण एकदा भोंग्याला घाबरून एक लहान मुलगी भर कार्यक्रमात रडू लागली, आणि त्याच संध्याकाळी सरांनी मला बाहेर काढलं. चिंच लावून घासलं, स्प्रिंगला तेल दिलं. घंटी नसेल तर मीही नाही, असं त्यांनी वाहिनीच्या निर्मात्या वैष्णवीताईंना कळवलं. मी पुन्हा टेबलावर आले. माझा राग तिथेच संपला.

आता गेल्या जुलैची गोष्ट. ती सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

जिल्ह्याची अंतिम फेरी नाशिकच्या एका सभागृहात चित्रित होत होती. एका बाजूला चांदवडची शाळा, दुसऱ्या बाजूला हरसूलची आश्रमशाळा. जिंकणाऱ्या शाळेला फिरती ढाल आणि पुस्तकांनी भरलेलं मोठं कपाट मिळणार होतं. हरसूलच्या संघाची प्रमुख होती आठवीतली साक्षी भोये. बोलायला हळू, पण उत्तराला पक्की. तिच्या शाळेत वाचायला पुस्तकं कमी आणि वाचणाऱ्या मुली जास्त, असं तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. ते कपाट तिला किती हवं होतं ते मला समोरून दिसत होतं.

दोन्ही संघ बरोबरीत राहिले आणि कार्डं संपली. नियमच असा की सरांकडे कार्डं मोजकीच असायची. सभागृह संध्याकाळी लग्नाच्या स्वागत समारंभाला दिलेलं, त्यामुळे खुर्च्यांना कापड चढवणारी माणसं दारात येऊन उभी. वैष्णवीताई घड्याळ दाखवू लागल्या. तेव्हा सरांनी एक कोरं कार्ड घेतलं आणि आठवणीतून एक प्रश्न लिहिला. लाल खूण न करताच.

प्रश्न होता, आधी रोपं तयार करून मग शेतात ज्याची लावणी करतात, असं आपल्या जिल्ह्यातलं धान्य कोणतं? उत्तर लिहिलं होतं, भात. इगतपुरीच्या खाचरांतली भाताची लावणी सरांनी डोळ्यांनी पाहिली होती. पाहिलेलं खरं होतं. पण तेवढंच खरं, असं त्या घाईत ते धरून चालले.

साक्षीने आधी बटण दाबलं. म्हणाली, "नागली." शहरात जिला नाचणी म्हणतात ती.

सरांनी कार्ड पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. साक्षी उभीच राहिली. "सर, आमच्याकडं नागलीची पण..." एवढं ती बोलली, आणि सरांनी मला दाबलं.

मित्रांनो, आयुष्यात मी हजारो वेळा वाजले. वेळ संपली म्हणून वाजले. बोलणाऱ्याचं तोंड बंद करायला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाजले. साक्षी खाली बसली. चांदवडच्या मुलाने भात म्हटलं, टाळ्या झाल्या, ढाल दिली गेली. साक्षी जाताना सरांना वाकून नमस्कार करून गेली. मला त्या नमस्काराची फार लाज वाटली.

घरी सरांनी जेवताना हा प्रसंग लताबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला सांगितला. लताबाई लग्नाआधी चार वर्षं डोंगराळ पेठ तालुक्यात शिक्षिका होत्या. त्यांनी भाकरी मोडता मोडता मान वर केली. "अहो, डोंगरात नागलीची आवणीच करतात, म्हणजे लावणी, भातासारखी. मला एक फोन करायचात."

सरांचं जेवण तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सर हरसूलला निघाले. मी त्यांच्या पिशवीतच होते. आश्रमशाळेतून साक्षीला घेऊन ते तिच्या पाड्यावर गेले. उतारावरच्या शेतात साक्षीची आई नवसाबाई इतर बायकांबरोबर वाकून रोपं लावत होती. टीव्हीतला माणूस चिखलात उभा पाहून ती संकोचली. हे काय लावता, असं सरांनी विचारलं.

"नागलीच हाय सर. आवणी चाललीय," नवसाबाई म्हणाली. "भात तिकडं खाली, पाणी साचतं तिथं."

सरांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि एक ओळ स्वतः लावली. नवसाबाईने ती निम्मी उपटून पुन्हा नीट लावली. मग बांधावर बसून सरांनी साक्षीला विचारलं, तू तेव्हा जोर लावून सांगितलं का नाहीस?

"मी सांगत होते सर," साक्षी म्हणाली. "पण घंटी वाजली."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागलं. पिशवीत मला आणखी खाली जावंसं वाटत होतं.

भाग प्रसारित व्हायला आठ दिवस होते. सरांनी वैष्णवीताईंना फोन केला. त्या चांगल्या बाई, पण त्यांना कार्यक्रम चालवायचा होता. त्यांचं म्हणणं असं, की तो प्रश्नच कापून टाकू, दुसरा चित्रित करू, कुणाला पत्ता लागणार नाही. सरांची इतक्या वर्षांची कमाई म्हणजे लोकांचा विश्वास. तो एका धान्यापायी कशाला घालवायचा? सर म्हणाले, "ताई, कापलंत तर तिचं बरोबर उत्तरही कापलं जाईल. मला माझी चूक दाखवायची आहे." सरांनी चांदवडच्या शाळेतल्या नवनाथ सरांनाही फोन केला. ते म्हणाले की आमच्या मुलांना नागली माहीतच नाही, आमच्याकडे सगळा कांदा, पण जे खरं ते खरं. ढाल सहा-सहा महिने ठेवू आणि पुस्तकं निम्मी निम्मी करू.

सरांनी कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं बोलून दिलं. ते दाखवायचं की नाही, याचा निर्णय मुंबईत व्हायचा होता. रविवार उजाडला तरी निरोप आला नाही.

त्या रविवारी सर घरी थांबले नाहीत, मला सोबत घेऊन निघाले. आश्रमशाळेच्या सभागृहात एका टीव्हीपुढे दीडशे मुलं बसली होती, त्यांच्यात जाऊन ते जमिनीवर बसले. वाहिनीने कापलंच असेल तर इथे उभं राहून स्वतः सांगायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. कार्यक्रम सुरू झाला. प्रश्न आला. नागली आली. माझा तो आवाज आला, आणि सगळ्या मुलांनी साक्षीकडे पाहिलं. साक्षी खाली बघत होती. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नवसाबाईने पदर तोंडाशी धरला. पडद्यावर चांदवडच्या टाळ्या झाल्या, जाहिराती लागल्या, आणि मला वाटलं, संपलं.

जाहिरातींनंतर सर दिसले. मागे रिकामं सभागृह होतं. "साक्षी भोयेचं उत्तर बरोबर होतं," पडद्यावरचे सर म्हणाले. "मी न पाहता प्रश्न लिहिला. ती समजावून सांगत होती, तेव्हा मी घंटी वाजवली. दोन्ही चुका माझ्या आहेत. मी तिची माफी मागतो."

शाळेच्या सभागृहात मुलांनी असा कल्ला केला की छपराचे पत्रे वाजले. साक्षी मात्र रडायला लागली, हरताना एकदाही न रडलेली. सर उठून तिच्यासमोर जाऊन बसले. त्या दिवशी तू काय सांगत होतीस, असं त्यांनी विचारलं.

तिने डोळे पुसले आणि सांगायला लागली. रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून राब कसा भाजतात, रोप कसं टाकतात, आवणीला कुणाकुणाकडे जावं लागतं, नागलीची भाकरी खाल्ल्यावर भूक किती वेळाने लागते. चांगली वीस मिनिटं ती बोलली. सरांनी तिला मधे एकदाही थांबवलं नाही, आणि शेवटी खिशातली लाल पेन्सिल काढून आपल्या वहीत 'नागली' लिहून शेजारी खूण केली.

पुढच्या वर्षी कार्यक्रम असेल की नाही, अजून कळलेलं नाही. सर म्हणतात, बघू. कुसाबाईने त्या आठवड्यात प्रश्न न घालताच मेथी दिली. मी सध्या खिडकीतल्या फळीवर आहे आणि सर महिन्यातून एकदा मला घासतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, हे तर सांगतेच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. वर्गात, घरात, मैदानावर तुमच्याही हाताखाली कधी ना कधी एखादी घंटी येईल, दिसणारी किंवा न दिसणारी. समोर कुणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर हात तसाच वर राहू द्या. आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मी वाट बघते, मला काही घाई नाही.