काचपेपरची वस्ती

वरून बघितलं की कुठलंही शहर देखणं दिसतं. गिधाडाला विचारा.

मी हे शहर बावीस वर्षं वरूनच बघतोय. महापालिकेच्या दालनात त्याचं लाकडी मॉडेल मांडलेलं आहे, शाळेच्या एका वर्गाएवढं, मीटरला मिलिमीटर या मापाचं. ते आमच्या कारखान्याने बनवलं आणि दुरुस्तीही आमच्याकडेच. दर महिन्याला मी त्यावर फळी आडवी टाकतो, फळीवर पालथा पडतो आणि मऊ ब्रशने धूळ झाडतो. नाकाखालून बंदर जातं, त्याच्या क्रेन म्हणजे टाचण्या. मग गोदामं, मग खलाशांच्या खानावळींची गल्ली, मग पाच धर्मांचे घुमट आणि मनोरे, एकमेकांकडे पाठ करून उभे. पुढे टेकडीवरचे बंगले. त्यांची झाडंसुद्धा मी चिमट्याने एकेक करून लावलीत. पाहुणे येतात, कठड्याला टेकतात आणि म्हणतात, बारा भाषांचं शहर, किती वैविध्य! माणूस या मापात दीड मिलिमीटरचा, म्हणून आम्ही माणसं करतच नाही. माणसं नसली की वैविध्य बघायला बरं पडतं.

आमच्या कामाचा एक नियम आहे. तीन मजल्यांपेक्षा बुटकं घर कापायचं नाही. तिथे काचपेपरचा तुकडा चिकटवायचा, जाड दाण्याचा, तपकिरी. लांबून दाट छपरं वाटतात. ही युक्ती माझीच. मालकांनी तेव्हा पाठ थोपटली होती आणि मी महिनाभर कॉलर ताठ करून हिंडलो होतो. पुढे कळलं, याच कठड्याशी उभं राहून साहेब लोक ठरवतात की रस्ता कुठून न्यायचा, बाग कुठे करायची. लाकडी घराला हात लावायला त्यांचं मन होत नाही. काचपेपर नखाने निघतो. रंगाऱ्यांची वस्ती, हमालांची, बोटी सांधणाऱ्यांची, सगळे तुकडे मीच सोलून काढले. शेवटचा उरला समुद्राच्या बांधाखालचा, तळहाताएवढा. त्यात माझी ताई राहते.

ताई हॉटेलांच्या चादरी धुते. तिची सगळी गल्लीच चादरी धुते. ही वस्ती अजून टिकली होती ती कोर्टामुळे. कोर्टाने महापालिकेला बजावलं होतं, आधी घर न् घर मोजा, भरतीच्या रेषेच्या आत किती आणि बाहेर, समुद्राच्या बाजूला बेकायदा, किती ते दाखवा, मग तोंड उघडा. मोजणीवाले तीनदा आले. तिन्ही वेळा बायकांनी ओल्या चादरींचे पिळे घेऊन त्यांना बांधापर्यंत पिटाळलं. सर्वांत पुढे ताईच.

एक दिवस मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यात किनाऱ्याची पाहणी आहे. नियोजनवाल्या बाई येतायत. किनारा स्वच्छ कर."

"बांधाखालची घरं कापून लावू का?" मी विचारलं.

"नियम विसरलास वाटतं."

"माझ्या वेळात करतो."

"कर बाबा. डोळे गेल्यावर चष्मा मागायला येऊ नकोस म्हणजे झालं."

माझा हिशोब सरळ होता. जे दिसत नाही ते सोलतात. दिसलं तर लाज वाटेल. साहेबांना लाज वाटते, हे मी बावीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं, तरी मी ते गृहीत धरलं. माणूस आशेपायी किती मूर्ख होतो ते बघायचं असेल तर आरसा पुरतो.

टेप आणि वही घेऊन मी वस्तीत गेलो. ताईने दारातच अडवलं.

"काय रे, शिंपी झालास की काय?"

मी सगळं सांगितलं. ती चादर पिळता पिळता ऐकत राहिली. "म्हणजे आमचं घर त्या मोठ्या दालनात बसणार?"

"सगळ्यांचं. घर न् घर."

"गळकं छप्परही दाखवशील का? साहेबांना तेवढंच समाधान." मग तिने गल्लीला हाक मारली, "माझा भाऊ आहे. येऊ द्या त्याला आत."

जी दारं मोजणीवाल्यांच्या तोंडावर आपटली ती माझ्यासाठी उघडली. टेपचं दुसरं टोक धरायला माणसं पुढे झाली. शेजारची म्हातारी म्हणाली, "माझी पायरी सोडू नकोस, आमच्या ह्यांनी बांधली होती." एक चादरवाला आणि त्याचा चुलत भाऊ सामायिक भिंतीवरून जुंपले; ती एकाच्या घरात धरायची की दुसऱ्याच्या, यावर दोन चहा झाले. चारशे अकरा घरं भरली; प्रत्येकाची लांबी, रुंदी, बांधापासूनचं अंतर, सगळं वहीत उतरवलं. अंतर लागतंच. नाहीतर घर नेमकं चिकटवणार कुठे?

तीन आठवडे चिमटा आणि पातं, दुसरं काही केलं नाही. म्हातारीची पायरी कागदाच्या दुमडीची केली. वस्ती बसवली आणि फळीवर पालथा पडून बघितलं. बंदरापासून बंगल्यांपर्यंत इतकी जिवंत जागा दुसरी नव्हती. मला रडू आलं, ब्रश ओला झाला.

नियोजनवाल्या बाई आल्या. वाईट बाई असती तर शिव्या देता आल्या असत्या. ही चांगली होती. खाली वाकून, चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"अप्रतिम आहे. अंदाजाने केलंय की मोजून?"

मी छाती काढून म्हणालो, "मोजून. बोटभर फरक निघाला तर हात कापून देईन."

बाईंनी सोबतच्या माणसाकडे बघितलं. त्याने पिशवीतून पारदर्शक पट्टी काढून मॉडेलवर धरली. तिच्यावर भरतीची लाल रेषा होती. ती रेषा माझ्या वस्तीच्या मधून गेली. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने अलीकडची घरं मोजली, मग पलीकडची. आवाज अगदी मऊ होता. म्हणाल्या, "कोर्टाला सात वर्षं हेच हवं होतं. मोजमापांची वही असेल ना?"

"हरवली," मी म्हणालो.

"अरे, कपाटात तर आहे," मालक म्हणाले, आणि आणायला गेले. त्यांना वाटलं, माझी शाबासकी बुडते आहे.

मी त्यांच्या हातून वही ओढायला हवी होती. पाणी ओतायला हवं होतं, फळीवरून त्या वस्तीवर पडायला हवं होतं. मी उभा राहिलो. चांगल्या माणसांसमोर आपल्याला उभं राहायची सवय लावलेली असते.

पाच आठवड्यांत नोटिसा लागल्या. दोनशे सत्तर घरं रेषेच्या बाहेर. उरलेली, बाहेरची पाडताना धोकादायक होतील म्हणून. म्हणजे सगळीच. प्रत्येक नोटिशीवर लांबी, रुंदी, बांधापासूनचं अंतर. म्हातारीच्या नोटिशीत पायरीसुद्धा होती.

त्या दुपारी मी ताईकडे गेलो. मी सांगायच्या आतच गल्ली तिच्या दारात जमली. सामायिक भिंतीवाले दोघे एकाच बाजूला उभे होते. पहिल्यांदाच.

"ताई, मापं गेली कशी त्यांच्याकडे?" त्या दोघांतल्या थोरल्याने विचारलं.

"आकाशातून फोटो काढतात हल्ली," ताई म्हणाली.

"फोटोत भिंतीची जाडी येते?"

"यंत्रं आहेत त्यांच्याकडे. तुला काय कळतंय त्यातलं?"

म्हातारी कोणाकडेच न बघता म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा आपल्याच झाडाचा असतो."

"आजी, उन्हात उभ्या राहू नका," ताई म्हणाली. "जा सगळे. वकिलाकडे कोण जाणार ते ठरवा आधी."

मी आत खाटेवर बसलो होतो, हातात तिने दिलेला चहा. माझ्यासाठी खोटं बोलून ती सगळ्या गल्लीच्या तोंडाला तोंड देत होती आणि मी कपातली साय बाजूला करत होतो.

माणसं पांगली. ताईने बादलीतली चादर उचलली, पिळली, झटकली, दोरीवर टाकली. मग दुसरी.

"तिथे काय करणारेत?" तिने पाठमोरीच विचारलं.

"हिरवळ. फिरायला."

"आणि त्या मॉडेलात ती कोण लावणार?"

तिने माझ्या हातून कप घेतला, विसळून पालथा घातला.

"आता इकडे येत जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला रोज नवं खोटं सुचणार नाही."