शिट्टीसरांचा इंग्रजीचा तास

"सर, घाम पुसा ना," पहिल्या बाकावरचा मुलगा कुजबुजला, तेव्हा कुठे शिट्टीसरांच्या ध्यानात आलं, की आपण पुस्तक हातात धरून नुसतेच उभे आहोत.

मैदानावर भर उन्हात उभं राहूनही ज्यांच्या कपाळावर थेंब येत नसे, त्या कवायतीच्या मास्तरांना सहावीच्या वर्गात पंख्याखाली दरदरून घाम फुटला होता. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, बदली कोणी मिळेना, आणि मोठ्या बाईंनी वेळापत्रकावर बोट ठेवून सांगितलं, "तुमचे हे तास मोकळे दिसतायत. घ्या सांभाळून." सरांचं इंग्रजी 'अटेन्शन'ला सुरू होऊन 'डिसमिस'ला संपायचं. त्यांनी धडा वाचला, मुलांनी ऐकला. प्रश्न विचारला, तर वर्गाने अशी गुळणी धरली की पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू यावी.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "उद्या मोठ्या बाईंना सांगून टाकतो. हा माझा प्रांत नाही."

"सांगा की," बायको म्हणाली. "आपल्या भाषेत तरी तुम्ही घरात कुठे बोलता?"

कॉलेजात जाणारी लेक हसली. मग बापाचा पडलेला चेहरा पाहून लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. "बाबा, हे बघा. इंग्रजी शिकवणाऱ्यांची साइट आहे. देशोदेशीचे शिक्षक इथे आपापल्या युक्त्या टाकतात. कुणी खेळ, कुणी गाणी. विचारून तर बघा."

सरांनी एका बोटाने अक्षरं हुडकत इंग्रजीत लिहिलं, 'मी कवायतीचा शिक्षक. मला इंग्रजी दिलं आहे. मला येत नाही, मुलांनाही येत नाही. काय करू?' चुका पाहून लेकीचा हात पुढे झाला.

"राहू दे," सर म्हणाले. "नटवून पाठवलं, तर औषध दुसऱ्याच रोग्याचं येईल."

पाठवलं खरं, आणि मग त्यांच्या मनात आलं: आता जगभरचे इंग्रजीचे मास्तर आपल्याला हसणार!

सकाळी लेकीने उत्तरं वाचून दाखवली. हसलं कोणीच नव्हतं. 'मलाही गणितावरून असंच उचलून आणलं होतं,' असं एकाने लिहिलं होतं. आणि कुठल्याशा डोंगरातल्या गावची, फोटोत केस पिकलेली दिसणारी एक शिक्षिका म्हणत होती, 'तुम्हाला जे येतं, तेच इंग्रजीतून करा. हुकूम मात्र मुलांना सोडू द्या. बोलायला कारण मिळालं, की मूल बोलतं.'

सरांनी वर्ग मैदानावर नेला. "आज कवायत माझी, हुकूम तुमचे. पण इंग्रजीत हं!"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. अखेर शेवटच्या बाकावरच्या खोडकराने धीर केला. "रन!"

सर धावले. मुलं आधी हबकली, मग त्यांना कंठ फुटला. "स्टॉप!" "जंप!" "गो बिहाइंड द ट्री!" सर झाडामागे गेले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "सिट ऑन द ट्री!"

सरांनी बाह्या सरसावल्या आणि बुंध्याला मिठी मारून ते चढू लागले. पोट आडवं येत होतं, बूट घसरत होते.

"नो, नो, सर! अंडर! अंडर द ट्री!" सगळी पोरं एका सुरात किंचाळली.

सर धापा टाकत खाली उतरले. तेव्हा घोळक्यातून एक मुलगी पुढे आली. वर्ग तिला 'मौनी' म्हणायचा. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची.

"सर इज टायर्ड," ती हळूच म्हणाली. "प्लीज सिट, सर."

सर तिथेच धुळीत फतकल मारून बसले. 'थँक यू,' ते म्हणाले.

त्या रात्री त्यांनी झाडाची हकिकत साइटवर लिहिली, चुकांसकट. मग दुरून दुरून निरोप येऊ लागले. एका शिक्षकाच्या शाळेला मैदानच नव्हतं; त्याची मुलं दोन बोटांची माणसं करून बाकावर पळवत होती आणि कंपासपेटीमागे लपवत होती. दुसऱ्या एकीने चित्रफीत पाठवली. तिच्यात अनोळखी पोरं "अंडर! अंडर!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

सरांनी ती वर्गात दाखवली. "आपला खेळ!" पोरं बाकांवर चढून नाचली. त्या दिवशी त्यांना कोणी खाली उतरवलं नाही.

यथावकाश बाई रजेवरून परत आल्या. पहिल्याच तासानंतर त्यांनी सरांना गाठलं. "काय केलंत हो यांना? माझ्यापुढे तोंड उघडत नव्हती, आता मला बोलू देत नाहीत!"

सरांनी लाजत त्यांना साइटचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी सहावीतून गलका ऐकू आला. सर व्हरांड्यात उभे होते. मोठ्या बाई तरातरा आल्या. "हा आरडाओरडा कसला?"

"बोलतायत, बाई," सर म्हणाले.

मोठ्या बाई घटकाभर ऐकत राहिल्या आणि आल्या पावली परत गेल्या. शर्यती जवळ आल्या होत्या. सर फक्कीची बादली घेऊन मैदानात उतरले आणि वाकून पांढऱ्या रेघा आखू लागले. कान वर्गाकडे होते. कधी नव्हे ती पहिलीच रेघ वाकडी आली. सरांनी ती पाहिली, तशीच राहू दिली, आणि दुसरी आखायला घेतली.