पोचा पडलेली घागर

संतरामाची हळद बघावी ती भादव्यातच. पानं अशी काळीभोर, की नरसीकडं जाणारे गाडी थांबवून विचारायचे, "काय टाकलं वो?" संतराम मिशीत हसायचा. "युरिया. अजून काय? लेकराला जेऊ घालताना कोनी घास मोजते का?"

कृषी सहायक एक गोणी म्हणाला, की हा दोन टाकणार. वर पाऊस पडला, की "धुऊन गेलं असंल" म्हणून तिसरी. धुऊन जातं कुठं, हे मात्र त्यानं जन्मात कधी बघितलं नाही. उताराला भावजयीचं रान, रानाच्या टोकाला दोघांची सामाईक विहीर, आणि विहिरीला लागून ओढा, पुढं कयाधू नदीला मिळणारा. खालचं खालच्यांनी बघावं, मला काय त्याचं! असा त्याचा खाक्या.

भावजय म्हणजे शालूबाई, धाकट्या भावाची विधवा. पोटी मूलबाळ नाही. मागं गावात पाणलोटाची माणसं आली होती. म्हणाली, खत कमी करा, आणि विहिरीच्या, ओढ्याच्या वरच्या अंगाला गवताचा पट्टा सोडा. वरून वाहत येणारं खत गवत पिऊन घेतं, पाण्यात उतरू देत नाही. गावानं माना डोलावल्या, चहा प्याला, आणि सगळे आपापल्या घरी गेले. ऐकलं ते एकट्या शालूबाईनं. विहिरीच्या वर तिनं चांगला रुंद पट्टा सोडला. गवत कंबरेइतकं माजलं. संतरामाच्या गोण्यांचा सगळा माज ते निमूट पीत होतं.

पण आमच्याकडं मोकळी जमीन माणसाच्या डोळ्यांत सलते. दर साली नांगरताना फाळाचं एक तास शेजाऱ्याच्या बांधातून काढायचं, बांध कोरत कोरत पुढं सरकायचं, ही जुनीच खोड. मग नुसतं गवत उभं असलेला पट्टा म्हणजे आयतं ताट की हो! उन्हाळ्यात संतरामानं ट्रॅक्टर घातला आणि पट्टा मुळासकट उलटा केला.

शालूबाई धावत आली. "भावजी, ते गवत माझ्यासाठी न्हाई सोडलं. विहिरीसाठी सोडलं. पानी आपन दोघंबी तिचंच पितो."

"तुला काय करायची जमीन?" संतराम ट्रॅक्टरवरूनच म्हणाला. "कोन हाय तुझ्या मागं खायाला?"

शालूबाई तशीच मागं फिरली. त्या दिवसापासून ती प्यायचं पाणी शाळेजवळच्या हापशावरून आणायला लागली. पट्ट्यावर संतरामाची हळद लागली, आणि तिलाही गोण्या पडल्या.

पावसाळा सरता सरता संतरामाची लेक पुनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला! संतरामानं गावभर पेढे वाटले. माणूस कसाही असो, त्या पोरावर त्याचा जीव होता, हे खोटं म्हणता येणार नाही. रानातून आला की हात धुऊन आधी पाळण्याशी. पुनमला दूध पुरेना, म्हणून डब्याची पावडर आणली. आजी पार्वतीबाई, संतरामाची बायको, पाण्याच्या बाबतीत फार जपायची. विहिरीचं पाणी चुलीवर ठेवायची आणि कढवून कढवून निम्मं करायची. त्यात पावडर कालवून लेकराला पाजायची.

हे शालूबाईच्या कानावर गेलं, तशी ती तांब्याची भरली घागर घेऊन दारात आली. "ताई, हापशाचं पानी हाय. लेकराच्या दुधात हेच घाला. विहिरीत खत उतरलं असंल. ते पानलोटाचे लोक सांगत होते, उकळून ते जात न्हाई, उलट दाट होतं. मोठ्या मानसाला चालून जातं, तान्ह्याला न्हाई चालत."

संतराम पाळण्यापाशीच होता. ताडकन उठला. "वांझोटीच्या हातचं पानी माझ्या नातवाला? पट्ट्याचा दावा काढून राहिली व्हय?" आणि घागरीला अशी लाथ घातली, की घागर पायऱ्यांवरून गडगडत अंगणात गेली. पाणी मातीत गेलं. घागरीला वीतभर पोचा पडला.

"बाबा, काहून असं करता?" पुनम आतून म्हणाली.

"गप! तुला काय कळतं?"

शालूबाईनं घागर उचलली आणि गेली.

दोन-चार रोजांत लेकराचे ओठ निळसर दिसायला लागले. मग नखं. रडणं बारीक झालं. पुनम दवाखाना दवाखाना करून रडत होती, पण पार्वतीबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळाल्या आणि कुणाला ठसका लागला नाही, म्हणजे दृष्ट जबर! कुणाची, ते सांगायला नकोच. संतराम भावजयीच्या दारात उभा राहिला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा शिव्या तिला घातल्या. तिनं आतून कडी लावून घेतली. त्यात तो दिवस गेला. सकाळी पोर दूध ओढेना, तेव्हा कुठं जीप हिंगोलीला निघाली.

डॉक्टरनं रक्त काढलं. ते लाल नव्हतंच, काळपट तपकिरी होतं. "दुधात पाणी कुठलं घालता?"

"विहिरीचं," पार्वतीबाई म्हणाली. "पन साहेब, तसंच न्हाई! आटवून आटवून निम्मं करून पाजते मी."

डॉक्टर म्हणाला, "आजी, वाफ होते ती पाण्याची. खत खालीच राहतं, आणि तेच लेकराच्या रक्तात उतरलं. जितकं आटवलं, तितकं जास्त पाजलं. ह्यावर औषध आहे, काल आणलं असतं तर लागू पडलं असतं." दुपारपर्यंत पोर गेलं.

घरी आणलं. अंगणात पाट मांडला. शेवटची आंघोळ घालायला पार्वतीबाईनं विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणला. पुनम उठली आणि आईच्या हातावर असा फटका मारला, की तांब्या लांब जाऊन पडला.

"ह्या पान्याचा एक थेंब लावू नका माझ्या लेकराला!" तिच्या आवाजानं अंगणातली माणसं मागं सरली. ती बापाकडं वळली. "जा. काकूच्या घरून आना. तुमीच जा."

संतराम गेला. शालूबाई दारात आली, तिनं सगळं ऐकलंच होतं. संतराम नुसता ओंजळ पुढं करून उभा राहिला. ती आत गेली आणि तीच घागर भरून घेऊन आली. पोचा त्याच्या बाजूला होता.

"तवा वाटीभर पानी पुरलं असतं, भावजी," ती म्हणाली. "आता घागरभर न्या."