नियमात न बसलेला मामा

कंट्रोलरसाहेबांच्या मामाच्या क्रियाकर्माला कंपनीची बस जाणार की नाही, यावर त्या आठवड्यात आमच्या सगळ्या साबण फॅक्टरीत पैजा लागल्या होत्या. मी काही पैज लावली नाही. घानात, कुमासीतल्या या कंपनीत मी एकवीस वर्षं कॅशियर आहे, आणि अर्ज माझ्याच टेबलावर पडला होता.

बस म्हणजे नुसती बस नव्हे. मेलेला माणूस किती मोठा होता, हे आम्ही शनिवारी मांडवात कोण कोण आलं त्यावरून ठरवतो. भाच्याची कंपनी आली, तीस माणसं एकसारख्या काळ्या-तांबड्या कापडात उतरली, भोंग्यावर देणगी पुकारली, की अख्खा गाव मान डोलावतो. आणि साहेबांच्या या कुबीमामाच्या मांडवात त्या दिवशी आणखी एक गोष्ट ठरायची होती. त्याच्या जागी कोण बसणार? घर, कोकोची बाग आणि कुळातला शब्द आमच्यात मुलाकडे जात नाही, भाच्याकडे जातो. थोरला भाचा म्हणजे आमचे साहेब, एबेनेझर अद्दाई. पण नुसतं थोरलं असून भागत नाही. मामाचा मान राखणारा भाचा लागतो.

हा एबेनेझर आमच्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे दोन शर्ट होते आणि बूट मामाने घेऊन दिलेले होते. अकाउंटच्या परीक्षेची फीसुद्धा मामाचीच. बाप कधीच निघून गेलेला, त्याचं नाव फक्त जन्मदाखल्यावर. व्हाउचर कसं लिहायचं ते मी शिकवलं. 'नाही' म्हणायला मात्र त्याला शिकवावं लागलं नाही. ते तो आईच्या पोटातूनच शिकून आला होता.

त्या एका शब्दावर त्याने नोकरी बांधली. जनरेटरच्या डिझेलला नाही म्हणाला, तर सीनियर अकाउंटंट झाला. रात्रपाळीला मिळणाऱ्या केंकीला, म्हणजे मक्याच्या उंड्यांना, नाही म्हणाला, तर चीफ अकाउंटंट झाला. उपाशी कामगारांनी साबण कमी केला असेल, पण तो आकडा वेगळ्या कागदावर होता, आणि तो कागद कोणी पाहत नव्हतं.

आणि मग त्याला बादू ड्रायव्हर सापडला.

कर्मचाऱ्याचे आई किंवा वडील वारले, तर कंपनी बस आणि देणगीचं पाकीट पाठवायची. बादूने चार वर्षांत तीन वडील पुरले होते. एबेनेझरने तिन्ही फायली एकावर एक ठेवल्या आणि त्याला बोलावलं.

"एका माणसाला बाप किती असतात, बादू?"

"माझ्या बापाला तीन भाऊ, साहेब. चौघेही माझे बापच. चौघांच्याही हातचा मार खाल्लाय मी." बादूने टोपी काढली. "आता एकच उरलाय. फार खर्चात नाही पाडणार तुम्हाला."

मी तोंडावर रुमाल धरला. एबेनेझरच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यालाही ठाऊक होतं की आमच्यात बापाचा भाऊ बापच असतो. पण ठाऊक असणं आणि नियमात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने नियम चौथा लिहिला: जन्मदाखल्यावर ज्यांचं नाव, तेच आई-वडील. अर्जाच्या तीन प्रती निघतील. एक फाइलला, एक अर्जदाराला आणि एक थेट कुळाच्या प्रमुखाला, म्हणजे कोणी खोटा मुडदा दाखवू नये. वर एक रबरी शिक्काही करून घेतला: 'मृत व्यक्ती अर्जदाराची कोणी लागत नाही.'

बादूचा चौथा बाप दुसऱ्याच महिन्यात वारला. पहिला शिक्का त्याच्या अर्जावर बसला.

वर्षअखेरीला डायरेक्टर ओडुरोसाहेबांनी वाचलेला पैसा पाहिला आणि एबेनेझर फायनान्शियल कंट्रोलर झाला. गालिचा मिळाला, एसी मिळाला, गाडी उभी करायला नावाची पाटी मिळाली. बाहेर आंब्याखाली सावली रिकामी असली तरी तो पाटीसमोरच्या उन्हात गाडी लावायचा. माणूस मोठा झाला की ऊनसुद्धा स्वतःच्या नावाचं लागतं.

आणि मग कुबीमामा वारला.

एबेनेझर अर्ज घेऊन स्वतः माझ्याकडे आला. 'मृताशी नातं' या रकान्यात त्याने 'मामा' लिहिलं होतं, आणि पुढे कंसात 'पालनकर्ता'. कंस त्याच्या हातून मी पहिल्यांदाच पाहिला.

"हे पास होणार नाही, साहेब," मी म्हटलं.

"माहीत आहे, मावशी. डायरेक्टरसाहेबांना विचारतो."

ओडुरोसाहेबांनी गोड हसून चेंडू परत त्याच्याच अंगणात टाकला. "अहो, कंट्रोलर तुम्ही. नियम तुमचा. बदलायचा तर खुशाल बदला. फक्त अक्राचे लोक या महिन्यात तुमच्या फायली बघतायत, एवढं ध्यानात असू द्या."

अक्राचे लोक म्हणजे हेड ऑफिस. घाना, टोगो आणि बेनिन या तिन्ही देशांचा एकच कंट्रोलर नेमायचा होता, आणि यादीत एबेनेझरचं नाव वर होतं.

तो दोन दिवस अर्जाकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी दार उघडं ठेवून त्याने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि मारला. खाली सही केली. मला हा माणूस आवडत नाही, पण ज्याने बूट घेऊन दिले त्याच्यावर तो शिक्का बसताना बघवलं नाही. तरी मी माझं काम केलं. तिसरी प्रत पाकिटात घातली आणि कुळाच्या प्रमुखाच्या पत्त्यावर रवाना केली. नियमच होता तसा.

शनिवारी आम्ही कामगारांनी आपल्या खर्चाने एक ट्रोट्रो ठरवली आणि मामाच्या गावी, एजुराला गेलो. व्हॅनच ती, पण बादूने स्वतः चालवली. एबेनेझरने पुढचा मांडव आधीच कंपनीसाठी राखून ठेवला होता. तीस प्लास्टिकच्या खुर्च्या, वर कंपनीचं नाव. तिथे एक शेळी सावलीला बसली होती.

"बसू का तिथे?" बादूने विचारलं.

"नको रे," मी म्हटलं. "आपण नियमात बसत नाही."

दुपारी कुळाचे प्रमुख, म्हातारे नाना अचियांपोंग, काठी टेकत उभे राहिले. एबेनेझर घडीचं कापड नीट खांद्यावर घेऊन पुढे झाला.

"तुझी कंपनी कुठाय, बाळा?"

"नाना, ऑफिसात जरा अडचण होती."

नानांनी कापडाच्या घडीतून पाकीट काढलं. कागद दूर धरून डोळे बारीक केले. "हे मला पोस्टाने आलं. 'मृत व्यक्ती अर्जदाराची कोणी लागत नाही.' अर्जदार कोण?"

"मी."

"आणि खाली नाही कोण म्हणालं?"

मांडवात ढोलसुद्धा थांबला होता. "नाना, तो ऑफिसचा कागद आहे. त्याचा इथे काय संबंध?"

"सही तुझी ना?"

"हो."

"वरचीही तुझी, खालचीही तुझी. तूच विचारलंस, तूच उत्तर दिलंस. मग मध्ये बोलणारे आम्ही कोण?" नानांनी कागदाची घडी घातली, अगदी सावकाश, आणि मागे वळून धाकट्या भाच्याला हाक मारली. तो टेकिमानला टायर पंक्चर काढतो. मामाच्या शेवटच्या चार महिन्यांत त्याला अंघोळ घालायला तोच होता. त्यालाच मामाच्या स्टुलावर, म्हणजे मामाच्या जागी, बसवलं.

एबेनेझर कुठे बसावं ते न कळून उभाच राहिला. घरचे एकीकडे होते, पाहुणे दुसरीकडे. शेवटी तो देणगीच्या टेबलाशी गेला आणि खिशातून दोन हजार सेडी काढले. पावती फाडणाऱ्या बाईने न बघताच विचारलं, "नाव? मृताशी नातं?"

त्याने नोटा पुन्हा मोजायला घेतल्या, तेव्हा तिने मान वर केली.

"साबण कंपनीकडून, असं लिहा," तो म्हणाला.

भोंग्यावर आमच्या कंपनीचं नाव गाजलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बादू माझ्या कानाशी म्हणाला, "मावशी, कंपनीने माझ्या बापाला एवढे कधी दिले नाहीत." पण त्याच्याही आवाजात जोर नव्हता.

सोमवारी अक्राहून पत्र आलं. तिन्ही देश एबेनेझरला मिळाले. स्वतःच्या नातलगाच्या बाबतीतही त्यांनी नियम मोडला नाही, असा खास उल्लेख होता. ओडुरोसाहेबांनी केक मागवला. सगळ्यांनी खाल्ला, मीही खाल्ला. केकवर माझा राग नव्हता.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. हातात ती दोन हजारांची पावती होती, कंपनीच्या नावाची.

"मावशी, ही कुठल्या खात्यात बसेल?"

पैशासाठी नव्हतं ते. मला कळलं. ती पावती कुठेतरी, कुठल्या तरी फायलीत लागावी, एवढंच त्याला हवं होतं. माझ्या जिभेवर दहा टोमणे आले आणि एकही बाहेर पडला नाही.

"कुठल्याच नाही, साहेब."

"बरोबर आहे," तो म्हणाला. सवयीने त्याने खिशातून पेन काढलं, पावतीच्या कोपऱ्यावर सही केली आणि ती घडी करून आपल्याच खिशात ठेवली.