सरुबाईंच्या नावाची ओळ

नंदकुमार सरांनी पल्लवीला सातवीत मराठी शिकवलं होतं आणि पुढे २००९ साली तिनं त्यांना कॉम्प्युटर शिकवला. त्यामुळे दोघांपैकी कोण कोणाचं सर, असं सरांच्या पत्नी शारदाकाकू अजूनही अधूनमधून विचारत.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पल्लवी पुण्याहून चार दिवस बऱ्हाणपूरला आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला.

"तू आली आहेस असं कळलं. आईचं कसं आहे?"

"पट्टी निघाली सर. दिसतंय आता छान."

"बरं झालं," सर म्हणाले. "आपले शब्द दिसेनात गं. खकनारहून रंजिताचा फोन होता. म्हणाली, सर, पानावर सगळं विचित्रच येतंय."

रंजिता म्हणजे तुकईथडच्या सरुबाईंची नात. खकनारच्या शाळेत ती नुकतीच शिकवायला लागली होती. आणि शब्द म्हणजे सरांनी तापीकाठच्या गावांतून गोळा केलेले बोलीतले शब्द. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या सरुबाईंनी सांगितलेले. त्या शब्दांची वेबसाइट पल्लवीनं बनवून दिली होती.

ती लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेली. सर दारातच उभे होते. पंचाहत्तरी जवळ आलेली, चष्म्याची काच जाड झालेली, पण शर्टाच्या खिशात तसंच निळं पेन. काकूंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली.

पल्लवीनं पान उघडलं. जिथं 'बठ्ठं' म्हणजे सगळं, 'काबर' म्हणजे का, 'आंडोर' म्हणजे मुलगा, असे शब्द असायचे, तिथं इंग्रजी ए होते, डोक्यावर तिरकी रेघ असलेले, आणि त्यांच्या मधेमधे गोल गोल चिन्हं. शेकडो ओळी तशाच.

"गेले का गं सगळे?" सरांनी विचारलं.

"नाही सर, शब्द जागच्या जागी आहेत. कोणत्या लिपीत वाचायचं, ते ब्राउझरला चुकीचं सांगितलं जातंय."

हे बोलताना तिला शनवारा भागातला तो कॉम्प्युटर क्लास आठवला. कापडाच्या दुकानाच्या वर, लाकडी जिना चढून गेलं की चार कॉम्प्युटर. क्लास चालवायचे अनंतदादा, आणि शिकवायची वीस वर्षांची पल्लवी. मागच्या गल्लीत पॉवरलूम दिवसभर खडखडायचे, त्यामुळे शिकवताना आवाज चढवूनच बोलावं लागे. एके दिवशी सर कापडी पिशवीत सहा वह्या घेऊन आले आणि म्हणाले, "हे इंटरनेटवर घालायचंय. तू शिकव, टाइप मी करीन." ती संकोचून उठून उभी राहिली होती. सरांनी तिला बसायला लावलं आणि स्वतः शेजारचं स्टूल ओढलं.

सात महिने सर रोज चार वाजता यायचे. एका बोटानं टाइप करायचे. वीज गेली आणि यूपीएस ओरडायला लागला की आधी वही छातीशी धरायचे, जणू वहीतलंही पुसलं जाईल. पहिल्यांदा पान चढवलं तेव्हा असाच कचरा दिसला होता. मग पल्लवीनं प्रोग्रामच्या सुरुवातीला एक ओळ लिहिली. पानाच्या आधी सर्व्हर ब्राउझरला जो निरोप पाठवतो, त्याला हेडर म्हणतात. त्या निरोपात तिनं सांगितलं, की येणारा मजकूर युनिकोडमधला आहे. पान पुन्हा उघडलं आणि देवनागरी अक्षरं आली. सर स्टुलावरून उठले, मॉनिटरजवळ गेले आणि काचेवर बोट ठेवून 'काबर' हा शब्द वाचला.

"सर, एक लक्षात ठेवा," ती तेव्हा म्हणाली होती. "या ओळीच्या आधी काही लिहायचं नाही. एक मोकळी जागासुद्धा नाही. पानातलं एक अक्षर बाहेर गेलं, की मग हेडर जात नाही."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

आता तिनं होस्टिंगचं खातं उघडलं. पासवर्ड सरांच्या डायरीत सुवाच्य अक्षरात होता. गेल्याच महिन्यात साइट नव्या सर्व्हरवर हलवल्याचा कंपनीचा ईमेल सरांच्या इनबॉक्समध्ये न उघडता पडला होता. तिनं एरर लॉग, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेली चुकांची नोंद, पाहिला. तीच तक्रार शेकडो वेळा नोंदलेली होती: हेडर पाठवता आले नाहीत, कारण मजकूर आधीच बाहेर पडला आहे. फाइलचं नाव होतं, ओळीचा नंबर होता. ओळ पहिली.

तिनं ती फाइल उघडली. तिच्या प्रोग्रामच्या वर, अगदी पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं:

हे शब्द ज्यांनी दिले त्या तुकईथडच्या सरुबाई यांस.

तिनं ते दोनदा वाचलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"ती ओळ मी टाकली," ते म्हणाले. "सरुबाई गेल्या त्या वर्षी. तेराव्या दिवशी तुकईथडहून परत आलो आणि बसलो. तू सांगितलेलं माहीत होतं मला. वहीत आहे. पण त्यांचं नाव खाली कुठंतरी घालायला मन झालं नाही. सगळ्यात वर पाहिजे, असं वाटलं."

"मला फोन करायचा ना, सर."

"तुझं नवीन लग्न, नवीन नोकरी. एका ओळीसाठी काय त्रास द्यायचा? आणि चाललं की सगळं. पान दिसलं. म्हटलं, पल्लवीनं मला उगीच घाबरवलं होतं."

पल्लवीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्या वर्षांत तिनंही सरांना फोन केला नव्हता. दिवाळीला एक मेसेज, तोही सगळ्यांना पाठवलेला.

"जुना सर्व्हर सगळं पान तयार होईपर्यंत धरून ठेवायचा," ती सांगू लागली. "हेडर उशिरा आला तरी आधी तोच पाठवायचा. म्हणून तुमची ओळ चालून गेली. नवा सर्व्हर अक्षर आलं की लगेच सोडतो. माझा हेडर मागे राहिला, आणि सर्व्हरनं स्वतःचा लावून दिला, रोमन लिपीचा. पानाच्या आतही युनिकोड लिहिलेलं आहे, पण ब्राउझर आधी हेडरवर विश्वास ठेवतो."

"म्हणजे माझ्यामुळेच."

"अकरा वर्षं काही झालं नाही, सर."

"ते काढून टाक मग," सर म्हणाले. आवाज साधाच होता, पण त्यांनी खिशातलं पेन काढून परत ठेवलं. काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काढायचं कशाला? हेडर कोणाला दिसत नसतो. तो पुढे जाऊ दे. त्यानंतर जे पहिलं दिसेल, ते सरुबाईंचंच नाव."

तिनं ओळ कापली आणि प्रोग्राम संपून पान जिथं सुरू होतं, तिथं सगळ्यात वर लावली. आधीची रिकामी जागा पुसली. फाइल सेव्ह करून पान नव्यानं उघडलं. वर सरुबाईंचं नाव आलं, आणि खाली बठ्ठं, काबर, आंडोर, वहीतल्यासारखे ओळीनं.

सरांनी चष्मा पुसला. "रंजिताला सांग," ते म्हणाले.

पल्लवीनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. रंजिता शाळेच्या मधल्या सुट्टीत होती, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"हो मॅडम, आलं. दिसी रायलं सगळं," ती म्हणाली. मग थोडा वेळ नुसता गलकाच ऐकू आला. ती वाचत असावी. "सर, एक विचारू? आजीचा 'जपनं' यात नाही का?"

"जपणं तर आपला नेहमीचाच शब्द आहे ना गं, सांभाळणं," पल्लवी म्हणाली.

"नाही मॅडम. आमच्याकडे जपनं म्हणजे झोपणं. सर वही घेऊन यायचे तेव्हा मी लहान होते, मधेमधे करायची. मग आजी म्हणायची, जपी जाय वं माय. आणि लगेच सरांना पुढचा शब्द सांगायची."

सर खुर्चीत ताठ बसले. "दर खेपेला म्हणायच्या," ते हळूच म्हणाले. "चार वर्षं माझ्यासमोर म्हणायच्या. मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसायचो, आणि हा लिहून घ्यायचा राहूनच गेला."

"मग घाला ना सर आता," रंजिता म्हणाली. तिकडे घंटा झाली आणि तिनं फोन ठेवला.

पल्लवीनं शब्द भरायचं पान उघडलं आणि लॅपटॉप सरांकडे सरकवला. काकू म्हणाल्या, "आधी पोहे तरी खाऊन घे गं, पार गार झाले." पण त्याही खुर्ची ओढून शेजारी बसल्या. सरांनी उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं, ज शोधला, मग प, मग न. अर्थाच्या रकान्यात 'झोपणं' लिहिलं. उदाहरणाच्या रकान्याशी येऊन ते थांबले, काकूंकडे पाहिलं, आणि सरुबाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहायला लागले.