गाडीचा हिरवा रंग

मगदुमांच्या पद्मश्रीचं दीड वर्षाचं पोर त्या दिवशी सकाळपासून हिरवं होतं आणि वाळत चाललं होतं. नुकता रंगवलेला स्टूल धरावा तसं त्याला अंगापासून लांब धरून ती माझ्या दुकानात आली. गुडघ्यापर्यंत तो वाळून टणक झाला होता. वर ओला होता आणि माझ्याकडे बघून हसत होता.

"वैजूताई, तुमच्याकडचा गेम चोखत होता," ती म्हणाली. "छातीपर्यंत वाळला की श्वास कसा घेणार हा?"

सांगलीत बसस्टँडमागं माझं दुकान आहे. हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेम मी घेते, दुरुस्त करते, रंगवून नव्यासारखे विकते. प्रत्येक नग मी स्वतः अंगठा टेकवून बघते. रंग अंगठ्याला लागला नाही की माल पास. आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून हे करत आले, आणि पोरांना जीभ असते हे एकदाही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मागं माझा कामगार भूपाल गेमवर रंगाची फवारणी करत होता. कसला रंग वापरतोस, विचारलं.

"गाडीचा. उन्हापावसात हलत नाही."

"पोरं तोंडात घालतात, भूपाल."

"डब्यावर लिहिलंय, तोंडात घालू नये. मी कुठं घातलाय?"

त्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात पोराच्या मांड्या वाळल्या. पायाला थिनर लावून बघितलं, तर उलट चकाकी आली. पॉलिशपेपर उचलला आणि खाली ठेवला. पोर आहे ते, पत्रा नाही.

रंग तोंडातून गेलाय, तर तोंडातूनच निघेल. पद्मश्रीनं सोबत आणलेल्या त्याच गेमचं एक टोक मी पोराच्या मुठीत दिलं, दुसरं तोंडात धरलं आणि चोखायला लागले. चव कडू, खिळ्यासारखी. पोराची करंगळी उजळली.

"ताई, सोडा," भूपाल म्हणाला. "तुमचं तोंड जाईल."

"मी विकलंय, मीच काढणार. तू तो डबा बंद कर आधी."

मी पुन्हा चोखायला लागले. मी श्वास सोडला की तो समोरच्या भिंतीवर हिरवा बसायचा. खिडकीच्या कडा दिसेनाशा झाल्या. मग दाराची फट बुजली. काउंटर भिंतीला जोडला गेला आणि आम्हा चौघांना उभं राहण्यापुरतीच जागा उरली. माझी जीभ जड झाली, गाल आतून ताठले. पोराचं पोट वाळलं होतं, पण पाऊल सुटलं होतं. मी थांबले नाही. पोट सुटलं. मग छाती सुटली, गळा सुटला, आणि तो भोकाड पसरून रडला. पद्मश्रीनं त्याला एकदाचं छातीशी धरलं आणि तीही रडायला लागली. मला फार बरं वाटलं.

तेव्हा बाहेरून कुणीतरी भिंत ठोकली, जिथं मघाशी दार होतं तिथं.

"वैजूताई," एक बाई म्हणाली, "आमची पिवळी झालीय. कमरेपर्यंत वाळली."

"आमचा निळा आहे," तिच्यामागून दुसरी म्हणाली. आणखी पावलं वाजत होती.

मला बोलता येईना. मी भूपालला हातानं खूण केली, फोड. त्यानं हातोडा घेतला. मी पिवळीसाठी तोंड उघडून उभी राहिले, आणि ते आता मिटत नव्हतं.